परमुलखातला पियानोवादक : टेडी वेदरफर्ड

माझे मामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नसराईत वडवणी आणि आसपासच्या गावांतून त्यांच्या बँडला सुपाऱ्या असतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम लागला की बँडमधले निम्मे वादक कोयते घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, आणि हंगाम सरला की परत येऊन पुन्हा लाल कोट चढवतात. मी दहा-अकरा वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत झांजा वाजवायला मामांबरोबर जात असे.

अशाच एका लग्नाची आठवण मनातून जात नाही. वरात निघाली होती. 'शोला जो भडके' या गाण्याची फर्माईश तीन वेळा झाली. नवरदेवाच्या मित्रांनी मामांना क्लॅरिनेटसकट खांद्यावर उचलून घेतले, त्यांच्या कोटाला नोटा लावल्या. मग जेवणाची वेळ झाली. पाहुण्यांच्या पंगती उठल्या, घरच्यांच्या उठल्या, वाढप्यांचीही उठली. आणि सरतेशेवटी मांडवाबाहेर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड आम्हाला पत्रावळी मिळाल्या. पाणी वरून ओंजळीत ओतले. मामा घास मोडता मोडता म्हणाले, "भाच्या, वाजवताना खांद्यावर घेतेत, जेवताना दूर बसवतेत. तू जेव."

त्या रात्री मला दोन प्रश्न पडले. ज्या चालीवर सारा गाव नाचला ती चाल आली कुठून, हा पहिला. आणि जो वाजवतो त्याला पंगतीत जागा का नाही, हा दुसरा. मामांना पहिला प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले, "पिक्चरमधून." पण ती पिक्चरमध्ये कुठून आली? महाविद्यालयात आल्यावर या प्रश्नाचा धागा धरून वाचत गेलो, तेव्हा एक नाव समोर आले : टेडी वेदरफर्ड. हे गृहस्थ अमेरिकन, कृष्णवर्णीय, पियानोवादक. आयुष्याची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी आशिया खंडात काढली. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवले आणि कलकत्त्यात देह ठेवला. त्यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी वळेन.

ब्लूज म्हणजे काय?

वेदरफर्ड यांना जॅझवादक म्हणून ओळखतात. पण जॅझचा पाया ब्लूज हा आहे, म्हणून आधी त्याची ओळख करून घेऊ.

अमेरिकेत १८६५ साली राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. कायद्याने माणसे मोकळी झाली, परंतु दक्षिणेकडील राज्यांत कापसाचे शेत तेच, मालक तोच आणि कर्जही तेच राहिले. शेतावर राबताना, रेल्वेचे रूळ टाकताना, तुरुंगात दगड फोडताना हे लोक जी गाणी म्हणत, त्यांतून आणि चर्चमधल्या भजनांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज आकाराला आला. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ साली 'मेम्फिस ब्लूज' व १९१४ साली 'सेंट लुई ब्लूज' छापून प्रसिद्ध केले. १९२० साली मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजात 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित झाले आणि हे संगीत घराघरांत पोचले.

त्याची घडण अगदी साधी आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. त्या आवर्तनात गीताच्या तीन ओळी बसतात. पहिली ओळ दुःख सांगते, दुसरी तेच दुःख पुन्हा सांगते आणि तिसरी त्यावर उत्तर देते. कधी उसासा, कधी थट्टा. गायकाची ओळ संपली की उरलेल्या जागेत वाद्य त्याला जबाब देते.

हे वाचताना मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. दोन्हीही राबणाऱ्या माणसाची गाणी. हात कामात असताना तोंडाने म्हटलेली, कोणी टाळी वाजवावी म्हणून न रचलेली. आपल्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. त्यांत तिथल्या बायांनी बाबासाहेबांचे नाव दळणाच्या लयीत गुंफले आहे. ओवीची घडण आणि ब्लूजची घडण एक नाही. परंतु जे कोणाला सांगता येत नाही ते गाण्यात सांगावयाचे, ही दोहोंची गरज एकच आहे.

ब्लूजचा खास रंग त्याच्या स्वरांत आहे. गांधार आणि निषाद हे दोन स्वर त्यात शुद्ध आणि कोमल यांच्या मध्ये कुठेतरी लावतात, त्यांना किंचित दाबून, ओढून घेतात. गळ्याला हे सहज जमते. क्लॅरिनेटलाही जमते, कारण फुंकर व ओठ यांनी स्वर वाकवता येतो. पियानोची गोष्ट वेगळी. पियानो हा आपल्या पेटीसारखाच. पट्टी दाबली की तिचा ठरलेला स्वर निघणार, मींड निघणार नाही. मग ब्लूज वाजवणाऱ्या पियानोवादकांनी युक्ती काढली. कोमल आणि शुद्ध अशा शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदमच दाबायच्या, एकीवरून बोट घसरवत दुसरीवर न्यायचे. कानाला भास व्हावा की स्वर या दोहोंच्या मधोमध लागला. जे वाद्य रडू शकत नाही त्याच्याकडून रडणे काढून घ्यायचे, ही या कलेची खुबी होय.

कोळशाच्या गावापासून शिकागोपर्यंत

टेडी वेदरफर्ड यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील पोकाहाँटस या गावी झाला. योगायोग असा की त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत ताजमहाल हॉटेल सुरू झाले. पोकाहाँटस हे कोळशाच्या खाणींचे गाव. टेडी वाढले ते जवळच्याच ब्लूफील्डमध्ये. १९१५ ते १९२० या काळात ते न्यू ऑर्लिन्स येथे राहिले. हे शहर म्हणजे जॅझचे माहेरघर. तेथेच त्यांचा पियानोवर हात बसला.

त्यानंतर ते शिकागोला गेले. त्या वर्षांत दक्षिणेतली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली होती. १९१६ च्या सुमारास सुरू झालेले हे स्थलांतर १९७० पर्यंत चालले आणि त्यात सुमारे साठ लाख माणसे हलली असे इतिहासकार सांगतात. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की आपली माणसे पाऊस पडण्याआधी परत येतात. ती परत गेली नाहीत.

उत्तरेतही सारे गोड नव्हते. १९१९ साली शिकागोत वर्णद्वेषाची दंगल झाली आणि तीत ३८ माणसे मारली गेली. तरीही तेथे काम होते आणि संगीत ऐकणारे लोक होते. मूकपटांच्या त्या काळात चित्रपटगृहात वाद्यवृंद बसत असे. शिकागोच्या व्हेंडोम चित्रपटगृहात अर्स्किन टेट यांचा नावाजलेला वाद्यवृंद होता. त्यात वेदरफर्ड पियानो वाजवत आणि त्याच वाद्यवृंदात पुढे जगद्विख्यात झालेले लुई आर्मस्ट्राँग ट्रम्पेट वाजवत. मे १९२६ मध्ये या वाद्यवृंदाची एक तबकडी निघाली. तिच्या दोन बाजूंवर 'स्टॅटिक स्ट्रट' आणि 'स्टॉम्प ऑफ, लेट्स गो' ही दोन गाणी आहेत. आजही ती ऐकायला मिळतात. आर्मस्ट्राँग यांच्या ट्रम्पेटच्या मागे पियानोचा डावा हात ऐकावा. खर्जातला एक स्वर आणि वर स्वरसमूह, असा तो पाय आपटत चालल्यासारखा चालतो; आणि उजवा हात त्यावर मोकळा खेळतो. जॅझ पियानोचे एक थोर कलावंत मानले जाणारे अर्ल हाइन्स त्या वेळी शिकागोत नवे होते. त्यांच्यावर वेदरफर्ड यांच्या वादनाची छाप पडली.

असे नाव होऊ लागले असताना, वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९२६ साली, ड्रमवादक जॅक कार्टर यांच्या वाद्यवृंदाबरोबर वेदरफर्ड आशियाकडे निघाले. एकदोन फेऱ्या सोडल्यास ते कायमचेच निघाले. मागे राहिलेले आर्मस्ट्राँग आणि हाइन्स संगीताच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर गेले. वेदरफर्ड यांचे नाव तळटीपेत राहिले.

ते का गेले असावेत? पगार चांगला होता हे एक कारण. पण पगाराइतकेच दुसरेही काही होते. त्यांच्या मायदेशी, विशेषतः दक्षिणेत, कृष्णवर्णीय वादकाला ज्या हॉटेलात वाजवायला बोलावत त्याच हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. त्याने मागच्या दाराने यायचे, स्वयंपाकघरात जेवायचे आणि रात्री गावातल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जाऊन झोपायचे, असा शिरस्ता होता. हे वाचले तेव्हा मला ट्रॅक्टरची ट्रॉली आठवली.

शांघाय

शांघाय हे तेव्हा व्यापाराचे मोठे बंदर. फ्रेंचांची तेथे स्वतंत्र वसाहत होती आणि इंग्रज-अमेरिकनांची मिळून आंतरराष्ट्रीय वसाहत होती. रात्र-रात्र चालणारी नृत्यगृहे होती. तेथे वेदरफर्ड यांचे इतके नाव झाले की एका रात्रीत ते एकामागून एक चार-चार ठिकाणी वाजवत असत. प्रसिद्ध कवी लँग्स्टन ह्यूज १९३३ साली शांघायला आले होते. तेव्हा त्यांची वेदरफर्ड यांच्याशी भेट झाली. पुढे १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या पियानोवादकाच्या लोकप्रियतेबद्दल लिहिले आहे.

१९३४ साली वेदरफर्ड थोड्या काळासाठी अमेरिकेत गेले आणि बक क्लेटन या तरुण ट्रम्पेटवादकाचा संपूर्ण वाद्यवृंद शांघायच्या कॅनिड्रोम या ठिकाणी घेऊन आले. क्लेटन यांनी तेथे ली जिनहुई या चिनी संगीतकाराबरोबर काम केले आणि चिनी चालींना जॅझचा साज चढला. म्हणजे वेदरफर्ड जेथे गेले तेथे ते एकटे गेले नाहीत. मागून इतरांना आणले, आणि त्या इतरांमुळे स्थानिक संगीत बदलले. हीच गोष्ट आता मुंबईत घडणार होती.

मुंबईचे ताज

१९३५ सालच्या हिवाळ्यात व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. सर्व वादक कृष्णवर्णीय असलेला हा मुंबईतला पहिला अमेरिकन वाद्यवृंद. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्याच वर्षीच्या १३ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. अ‍ॅबी यांच्या पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांचा वाद्यवृंद आला. याच वाद्यवृंदाने १९३६ साली मुंबईत 'ताजमहाल' नावाचे एक नृत्यगीत ध्वनिमुद्रित केले. स्मिथ यांच्यानंतर नेतृत्व वेदरफर्ड यांच्याकडे आले. रॉय बटलर हे सॅक्सोफोनवादक आणि एके काळी ड्यूक एलिंग्टन यांच्याकडे वाजवलेले रूडी जॅक्सन यांच्यासारखे कसलेले वादक या मंडळींत होते. मुंबईचे ताज, कोलंबो, कलकत्ता असा त्यांचा संचार होता. मध्येच १९३७ साली वेदरफर्ड पॅरिसला गेले आणि तेथे 'स्विंग' या नव्या फ्रेंच कंपनीसाठी एकट्याने पियानो वाजवून काही तबकड्या केल्या. त्यांतल्या एकीचे नाव 'वेदर बीटन ब्लूज' असे आहे. त्या नावात त्यांनी आपल्या आडनावावर श्लेष साधला आहे. वाऱ्यापावसाने झोडपलेल्याचे गाणे, असा त्याचा अर्थ. बंदरामागून बंदर पालथे घालणाऱ्या माणसाला हे नाव शोभते.

आता येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. वेदरफर्ड ज्या देशात आले तो काही समतेचा स्वर्ग नव्हता. मुंबई-कलकत्त्याच्या कित्येक युरोपियन क्लबांत भारतीय माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता. आणि भारतीय माणूस तरी भारतीय माणसाला कुठे आत घेत होता? वेदरफर्ड यांनी अमेरिका सोडली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. ताजच्या झगमगत्या दालनात साहेब, संस्थानिक आणि धनिक यांच्यासमोर हा कलावंत वाजवत होता. त्याला मान मिळत होता, कारण तो परका होता. आपल्याकडच्या उतरंडीत त्याची पायरी ठरलेली नव्हती. परदेशाने त्याला जो मान दिला तो परदेशाने आपल्या माणसांना दिला नव्हता. हे मी वेदरफर्ड यांना कमीपणा आणण्यासाठी लिहीत नाही. आपला आरसा आपणच पुसावा म्हणून लिहितो.

तरीही या दालनात एक महत्त्वाची गोष्ट घडली. अमेरिकन वादकांच्या शेजारी हळूहळू गोव्याचे वादक येऊन बसू लागले. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवत. त्यामुळे कागदावर लिहिलेले कोणतेही संगीत हे वादक झटकन वाजवत. परंतु जॅझ कागदावर पुरता उतरत नाही. तालाच्या किंचित मागे राहायचे की पुढे जायचे, स्वर कुठे वाकवायचा, आपली पाळी आल्यावर मनातले काय वाजवायचे, हे शेजारी बसूनच शिकावे लागते. आपल्याकडे गुरूच्या मागे तंबोरा धरून बसतात तसे. अ‍ॅबी, स्मिथ व वेदरफर्ड यांच्या वाद्यवृंदांनी मुंबईच्या वादकांना ही शेजारची जागा दिली.

कलकत्ता आणि अखेर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेदरफर्ड कलकत्त्यात स्थिरावले. चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद वाजवत असे. अमेरिकन, गोमंतकीय, अँग्लो-इंडियन, ब्रह्मदेशातून आलेले असे नाना जातींचे वादक त्यात होते. मूळचे नेपाळी ट्रम्पेटवादक जॉर्ज बँक्स हेही त्यांच्याबरोबर वाजवत. त्यांचे पुत्र लुई बँक्स हे पुढे भारतातले अग्रगण्य जॅझ पियानोवादक झाले. कोलंबिया कंपनीसाठी वेदरफर्ड यांनी कलकत्त्यात अनेक गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि अमेरिकन सैनिकांसाठीच्या नभोवाणीवर त्यांचे कार्यक्रम प्रसारित झाले.

तो काळ भयंकर होता. ब्रह्मदेश जपान्यांच्या ताब्यात गेलेला, शहर सैनिकांनी भरलेले आणि १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. कलकत्त्यात आलेल्या अमेरिकन सैन्यातही गोऱ्या व काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. ही विभागणी मोडण्याचा आदेश अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ साली काढला. म्हणजे जो भेद मागे टाकून वेदरफर्ड निघाले होते, तो अठरा-वीस वर्षांनी जहाजात बसून त्यांच्या दारी आला.

याच दिवसांत जिमी विदरस्पून नावाचा एक तरुण अमेरिकन खलाशी कलकत्त्यात उतरला आणि वेदरफर्ड यांच्या वाद्यवृंदाबरोबर ब्लूज गायला. तो पुढे अमेरिकेतला नामांकित ब्लूज गायक झाला. १९४९ साली त्याचे एक गीत अतिशय गाजले. एका अमेरिकन ब्लूज गायकाचा आवाज प्रथम कलकत्त्यात, घर सोडलेल्या एका पियानोवादकाच्या साथीने फुलावा, ही घटना विलक्षण नव्हे काय?

२५ एप्रिल १९४५ रोजी वेदरफर्ड यांचे कलकत्त्यात निधन झाले. कारण होते कॉलरा. वय अवघे ४१. ज्या रोगाला आपल्याकडे पटकी म्हणत आणि ज्याच्या भयाने गावोगाव मरीआईला साकडे घालत, तोच हा रोग. त्याच्या जंतूंचा अभ्यास १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी याच कलकत्त्यात केला होता. मीठ-साखर-पाण्याच्या जलसंजीवनीने हजारो जीव वाचवता येतात हे १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बंगालमधल्याच निर्वासितांच्या छावणीत दाखवून दिले. वेदरफर्ड या दोन सालांच्या मध्ये सापडले. त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांच्या आत युरोपातले महायुद्ध संपले.

सूर कुठे गेला?

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, संस्थाने विलीन झाली आणि मुंबई प्रांतात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतले नाचगाणे ओसरले. जॅझ शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी मग चित्रपटसृष्टीचा रस्ता धरला. संगीतकार चाल सांगत, आणि शंभर वाद्यांपैकी कोणी कधी काय वाजवायचे हे स्वरलिपीत लिहून काढण्याचे काम सॅबेस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे जाणकार करत. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच झळकली.

यांपैकीच एक अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. १९१६ साली गोव्यातल्या हळदोणे गावी जन्मलेल्या या ट्रम्पेटवादकाने आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानले. ताजमध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद चालवला आणि मग त्यांची गाठ पडली सी. रामचंद्र यांच्याशी. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. आपल्या शेजारच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेले. चिक चॉकलेट त्यांचे संगीत-साहाय्यक झाले. १९५१ साली 'अलबेला' आला. चित्रपट भगवानदादांचा, म्हणजे गिरणी कामगाराच्या पोराचा. त्यातल्या एका गाण्यात चिक आणि त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. आणि याच चित्रपटातले गाणे आहे 'शोला जो भडके'.

येथे माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर संपते. वरातीत मामा जी चाल वाजवत होते ती पुणतांब्याच्या मराठी संगीतकाराची. तिच्यामागचा ठेका आणि वाद्यांची ती मस्ती हळदोण्याच्या वादकांच्या हातची. त्या वादकांचे कान तयार झाले ते मुंबईच्या हॉटेलांत, कोळशाच्या आणि कापसाच्या मुलखातून आलेल्या माणसांचे वादन ऐकून. या माणसांपैकी टेडी वेदरफर्ड हे एक. एकट्या त्यांनी हे सारे केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण साखळीतली ती एक कडी खरी.

समारोप

आता दुसरा प्रश्न. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे दुःख मराठी माणसाला नवे नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिने नावच मुळी ब्लॅक पँथरवरून घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या मराठवाड्यातल्या अभ्यासकांनी ते साहित्य आपल्यापर्यंत आणले. आपण त्यांच्या कविता वाचतो, त्यांच्या लढ्याविषयी वादविवाद स्पर्धेत बोलतो. मात्र त्यांच्या संगीताचा वारस आपल्याच वरातीत वाजवत असताना त्याला शेवटच्या पंगतीला बसवतो.

हा लेख लिहिण्याआधी मी मामांना मोबाईलवर 'स्टॅटिक स्ट्रट' ऐकवले. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग टेडी वेदरफर्ड यांची सारी हकीकत सांगितली. शांघाय, मुंबई, कलकत्ता, कॉलरा. मामांनी कलेविषयी काही विचारले नाही. त्यांनी विचारले, "त्याला पंगतीत बसवायचे का रे तिकडं?"

मी म्हणालो, "मामा, त्याच्या देशात नव्हते बसवत. म्हणून तर तो निघाला."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरून ओली करता करता म्हणाले, "त्याला जायला जागा तरी होती."

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, अजूनही नाही. वेदरफर्ड समुद्र ओलांडून गेले. माझे मामा ऊसतोडीला जातात आणि परत याच गावात येतात. सर्वांनी जहाजात बसून निघून जावे हा काही यावरचा इलाज नव्हे. जो जेथे आहे तेथेच त्याला पाट मिळावा, हा इलाज आहे.

म्हणून माझ्या विद्यार्थीमित्रांना आणि गुरुजनांना एक छोटीशी विनंती करतो. या उन्हाळ्यात आपल्यापैकी कित्येकांच्या घरी लग्ने निघतील, मांडव पडतील, बँड येईल. वरात मांडवात पोचली की वादकांचा घसा कोरडा पडलेला असतो. त्यांना पहिल्या पंगतीला बसवा. पाणी पेल्यातून द्या. आणि वाढायला स्वतः उभे राहा.